फवारणीआधी पान उलटून पाहा

जास्वंदीच्या कळीच्या देठाशी पांढरा कापूस दिसला की पुढचं सगळं ठरलेलं असतं. नर्सरीवाल्याला विचारायचं, तो देईल त्या छोट्या बाटलीतलं औषध पाण्यात कालवायचं आणि संध्याकाळी सगळ्या गॅलरीभर फवारायचं. आठवडाभर झाड स्वच्छ दिसतं. मग कापूस परत येतो, पहिल्यापेक्षा दाट. वाशीच्या जुन्या बैठ्या घरांच्या अंगणात आणि खारघरच्या विसाव्या मजल्यावरच्या गॅलरीत हे सारखंच घडतं. औषध कमी पडलं असं वाटून दुसऱ्यांदा अधिक कडक औषध आणलं जातं. खरं कारण वेगळं आहे. तो कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचं आवरण असतं, मादी शेकड्यांनी अंडी घालते आणि तीही मेणाच्या पिशवीत सुरक्षित राहतात. त्याला खाणारे किडे मात्र उघड्यावर फिरतात, संख्येने थोडे असतात आणि हळू वाढतात. फवाऱ्यात ते आधी मरतात. उरलेल्या पिठ्या ढेकणांना मग मोकळं रान मिळतं.

म्हणून बाग करणाऱ्याला मी पहिली गोष्ट सुचवते ती विकत घेण्याची आहे, पण औषधाची नाही: दहापट मोठं दाखवणारं भिंग. शालेय साहित्याच्या दुकानात ते सहज मिळतं. सकाळी पाणी घालताना रोज दोन-तीन झाडांची पानं उलटून भिंगाखाली पाहायची. किडीचा संसार बहुतेक वेळा पानाच्या खालच्या बाजूला असतो आणि आपण पाहतो ती वरची बाजू.

पाहताना एक फसगत हमखास होते. पिठ्या ढेकणांच्या घोळक्यात त्यांच्यापेक्षा बराच मोठा, अंगावर पांढऱ्या मेणाच्या लांब झिपऱ्या असलेला एक किडा लगबगीने फिरताना दिसतो. हा ढेकणांचा म्होरक्या समजून लोक त्यालाच आधी चिरडतात. ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते आणि ती पिठ्या ढेकणांची अंडी-पिल्लं खात फिरत असते. ओळखायची खूण चाल. पिठ्या ढेकूण जवळजवळ जागचा हलत नाही. ही अळी काडीने डिवचली की चालू लागते. तिचं प्रौढ रूप म्हणजे चार मिलिमीटरचा काळा भुंगेरा, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. कॉफीच्या मळ्यांतल्या किडीवर उपाय म्हणून १८९८ साली तो भारतात आणला गेला. आपल्याकडचे द्राक्ष आणि सीताफळाचे बागायतदार आजही तो प्रयोगशाळेतून विकत आणून बागेत सोडतात. गॅलरीत तो फुकट आलेला असेल तर त्याला मारू नका, एवढंच.

अशा छोट्या मदतनीसांचं बळ किती असतं, याचं देशानं पाहिलेलं उदाहरण पपईचं आहे. २००८ साली तमिळनाडूत कोइमतूरजवळ पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण पहिल्यांदा आढळला. तिथून तो इतर राज्यांत पसरला, महाराष्ट्रातही आला. रासायनिक फवारण्या करून शेतकरी थकले. २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्या नैसर्गिक शत्रू असलेल्या अगदी सूक्ष्म गांधीलमाश्या आणून सोडल्या गेल्या. या माश्या ढेकणाच्या अंगात अंडी घालतात. थोड्याच काळात कीड आटोक्यात आली. या माश्या डंख करत नाहीत, डोळ्यांना जेमतेम दिसतात. आपल्या कुंडीतही अशा जातीच्या माश्या येतात. मावा पडलेल्या पानावर एखादा मावा फुगून कोरडा, तपकिरी झालेला दिसला, तर त्याच्या आत अशी माशी वाढते आहे. ते पान तोडू नका.

मग पिठ्या ढेकणाचं करायचं काय? फार पसरलेला शेंडा सरळ कापा आणि पिशवीत बंद करून टाका. सोसायटीच्या बागेतल्या पाचोळ्यात टाकला तर तिथून कीड तुमच्याकडेच परत येईल. उरलेल्या फांदीवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. देठांच्या बेचक्यांत अडकलेले ढेकूण दवाखान्यात वापरतात त्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून पुसून काढा. नंतर लिटरभर पाण्यात एक चहाचा चमचा भांडी धुण्याचा सौम्य द्रवरूप साबण घालून पानांच्या दोन्ही बाजूंना शिंपडा, तासाभराने साध्या पाण्याने धुवा. चार-पाच दिवसांनी पुन्हा. कपडे धुण्याची पावडर वापरू नये, पानं करपतात.

आणि मुंग्या पाहा. मावा, खवले कीड, पिठ्या ढेकूण ही सगळी मंडळी गोड चिकट रस टाकतात. मुंग्या त्या रसासाठी त्यांना राखतात, ढालकिड्यांना हाकलतात, किडीच्या पिल्लांना उचलून नव्या फांदीवर नेऊनही ठेवतात. झाडावर मुंग्यांची रांग दिसली की किडीचा पत्ता त्या रांगेच्या टोकाला असतो. कुंडी भिंतीला आणि ग्रिलला टेकणार नाही अशी सरकवा, बुंध्यावर कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेली लावा. मुंग्यांची वाट बंद झाली की पुढच्या दोन-तीन आठवड्यांत उपकारी किडे उरलेलं काम करतात. माझ्या मते कुठल्याही औषधाआधी करायचा हा उपाय आहे आणि तोच सगळ्यात कमी केला जातो.

नवी मुंबईची बाग पुण्या-नाशिकच्या बागेसारखी नाही, हे इथे सांगायला हवं. शहर वसवणाऱ्या सिडकोची १९७० साली स्थापना झाली आणि खाडीकाठच्या भातखाचरांच्या, मिठागरांच्या आणि खाजणांच्या पट्ट्यात हे शहर उभं राहिलं. जमीन मुळात खारट. पनवेलला कोकण कृषी विद्यापीठाचं खार जमीन संशोधन केंद्र आहे ते त्यामुळेच. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी म्हणून अंगणातली माती खणून कुंडीत भरू नये. ती खारट असू शकते, आणि बऱ्याच ठिकाणी ती भरावाची, सिमेंटचे तुकडे आणि मुरूम मिसळलेली असते. नर्सरीतून गोणीत मिळणारी लाल माती भिजली की घट्ट बसते. तिच्यात निम्म्याच्या आसपास चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि धुतलेलं कोकोपीट मिसळा. कोकोपीट धुवायचं कारण त्यातही मीठ असतं. बादलीत भिजवून ते पाणी दोनदा ओतून द्यावं. घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करता आलं तर उत्तमच. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ पासून उभी केलेली बाग स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर आणि पाचोळ्यावरच वाढली. खत घालतानाही हात राखून. युरियासारखं नत्र जास्त झालं की पानं लुसलुशीत, गर्द हिरवी होतात आणि नेमक्या त्याच कोवळ्या पानांवर मावा तुटून पडतो.

उन्हाळ्यात इथली मोठी अडचण धूळ आहे. उलवे, पनवेल, खारघरकडे बांधकामं चालू असतात आणि मार्चपासून पानांवर धुळीचा थर बसतो. धूळ आणि कोरडी हवा लाल कोळ्याला मानवते. गुलाब, वांगी, भेंडी, तुळस यांची पानं सुईने टोचल्यासारखी फिकट ठिपक्यांची दिसू लागली तर पानाखाली पांढरा कागद धरून पान टिचकीने झटका. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर ते कोळी. हे कीटक नाहीत, आठ पायांचे जीव आहेत, त्यामुळे किड्यांवरची बरीच औषधं त्यांच्यावर चालत नाहीत. उलट कोळ्यांना खाणारे जीव मरून कोळी वाढतात. त्यांच्यावरचा उपाय पाणी. एक दिवसाआड सकाळी पानांच्या खालून जोरात पाणी मारायचं, आठ-दहा दिवस. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारी तीननंतरचं ऊन भिंतीवरून परत झाडावर येतं. तिथे मे महिन्यात हिरवी जाळी बांधल्याशिवाय भाजीपाला टिकत नाही, मोगरा आणि बोगनवेल मात्र खूश असतात.

पावसाळ्यात चित्र उलटं. अडीच हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि या दिवसांत झाडं किडीपेक्षा पाण्याने जास्त मरतात. पान पिवळं पडलं म्हणून आणखी पाणी घातलं जातं, आणि आत मुळं कुजत असतात. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर पाणी नको. मे अखेरीस प्रत्येक कुंडीच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा. कुंड्या एकमेकींपासून दूर सरकवा, म्हणजे पानांतून वारा खेळेल आणि करपा, भुरी कमी राहील. वरच्या मजल्यांवर खाडीवरून येणारा वारा जुलैत कुंड्या उलथवतो, म्हणून कठड्यावर काहीही ठेवू नका. भिजलेल्या मातीची मोठी कुंडी वीस-पंचवीस किलोंची होते आणि खाली माणसं चालत असतात.

कुंडीखालच्या ताटल्या पावसाळ्यात काढूनच ठेवाव्यात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस ठरवून ताटल्या, मनी प्लँटच्या बाटल्या, फुलदाण्या रिकाम्या करून आतून घासा. नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात. महानगरपालिकेचे कर्मचारी तपासणीला आले की त्यांना गॅलरी दाखवा. कुठे पाणी साठतं ते त्यांना आपल्यापेक्षा चटकन दिसतं.

बैठ्या घरांच्या अंगणांत आणि सोसायट्यांच्या हिरवळीवर जूननंतर मोठ्या शंखाच्या गोगलगायी येतात. ही जात मूळची आफ्रिकेची. १८४७ साली एका शंखअभ्यासकाने मॉरिशसहून आणून कोलकात्यात सोडली आणि ती देशभर पसरली. एका रात्रीत झेंडूची रोपं ती बुंध्यापासून संपवते. रात्री ओलं गोणपाट पसरून त्याखाली कोबीची किंवा पपईची पानं ठेवा; सकाळी त्या तिथे जमलेल्या सापडतात. हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यातून माणसाला जंतांचा संसर्ग होऊ शकतो. मीठ मातीवर मात्र पसरू नका. गोगलगायीबरोबर झाडही जाईल.

आता कढीपत्ता आणि लिंबू. या दोन झाडांवरच्या अळ्यांविषयी मला सर्वात कळकळीने लिहायचं आहे. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, काळी-पांढरी, ओलसर चकचकीत अळी दिसते. काही दिवसांनी ती हिरवीगार आणि बोटाच्या पेराएवढी होते, हात लावला तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ती फुलपाखराची अळी आहे. लिंबावर असेल तर ती राणी पाकोळीचीही असू शकते. काळ्या पंखांवर निळाई मिरवणारं हे फुलपाखरू २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झालं. अंडी घालायला त्याला लिंबू-पपनसाच्या कुळातली झाडंच लागतात, आणि शहरात ती जास्त करून आपल्या कुंड्यांत आहेत. चार-पाच अळ्यांनी तीन फुटांचं झाड मरत नाही. पानं जातात, महिन्याभरात नवी फुटतात. झाड अगदी लहान असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडा. जागा असेल तर कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवा, एक फोडणीसाठी आणि एक अळ्यांसाठी. मात्र पानांवर चंदेरी नागमोडी रेषा दिसल्या आणि पानं आकसली तर ती नागअळी. ती पानं तोडून टाका.

सोसायटीच्या कुंपणाला रांगेत लावलेला उंच, खाली झुकलेल्या पानांचा खोटा अशोकही असाच कामाचा. हिरव्या ठिपक्यांचं, क्षणभर कुठे न टेकणारं एक फुलपाखरू त्याच्यावर वाढतं. पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या झाडांना सरसकट औषध मारायचा ठराव सोसायटीच्या बैठकीत आला तर हे जरूर सांगा.

गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे नीट गोल तुकडे गेलेले दिसले तरी काही करू नका. ते पान कापणाऱ्या एकट्या राहणाऱ्या मधमाशीचं काम. ती ते तुकडे पोकळ काडीत नेऊन पिल्लांची घरं बांधते आणि बागेत परागण करते. खिडकीच्या चौकटीत मातीची छोटी मडकी बांधणारी कुंभारीण त्या मडक्यात अळ्या भरून ठेवते, त्यातल्या पुष्कळशा आपल्या भाजीवरच्या असतात. तिची मडकी फोडू नका. ती स्वतःहून अंगावर येत नाही.

परागण करणाऱ्यांना बोलवायला महागडी फुलझाडं लागत नाहीत. तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, म्हणजे झाड भरदार राहतं. ते बरोबर आहे, पण एका कुंडीतली तुळस खुडायची नाही असं ठरवा. तिच्या मंजिऱ्यांवर सातेरी आणि छोट्या फुलोरी मधमाश्या दिवसभर येतात. कोथिंबीर आणि शेपूची चार रोपं फुलावर जाऊ द्या. त्यांच्या छत्रीसारख्या बारीक फुलांवर मधमाशीसारखी दिसणारी, हवेत एका जागी तरंगणारी माशी येते. तिची अळी मावा खाते. झेंडू, सदाफुली, जास्वंद, लाजरीसारखी साधी एकेरी फुलं निवडा. भरगच्च दुहेरी फुलांत पाकळ्यांच्या गर्दीत मधापर्यंत पोचताच येत नाही.

तरीही पंधराव्या मजल्यावर दुधीची फुलं गळत असतील तर परागण आपल्यालाच करावं लागतं. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ असतं, नर फूल नुसत्या बारीक देठावर येतं. नर फूल तोडून पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. वेळ चुकवू नका: काकडी, कारलं, लाल भोपळा यांचं सकाळी लवकर, दुधी आणि दोडक्याचं संध्याकाळी, कारण त्यांची फुलं तेव्हाच उमलतात, पडवळाचं तर रात्रीच. टोमॅटो आणि वांग्याचा पराग फुलाच्या आतल्या नळीत अडकलेला असतो, तो थरथरीने सुटतो. सुताराच्या गिरमिटासारखं लाकूड पोखरणारा मोठा काळा भुंगा हे गुणगुणून करतो. तो येत नसेल तर सकाळी फुलाच्या देठाला बोटाने टिचकी मारा. टोमॅटोचं बी इथे गणपतीनंतर टाकावं. फुलं डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत आली की फळ धरतं. एप्रिलच्या उकाड्यात ती गळूनच जातात.

वेलभाज्यांच्या कोवळ्या फळांना फळमाशी डंख करते आणि ती वाकडी होऊन सडतात. फळ बोटाएवढं असतानाच कागदी पिशवीने झाका. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेल्या रक्षक सापळ्यात वेलभाज्यांसाठी क्यू ल्युअर हे आमिष लावून तो टांगता येतो. त्यात नर माश्याच अडकतात, मधमाश्यांना धोका नसतो. बी घेताना याच विद्यापीठाचं कोकण तारा कारलं, कोकण हरिता दोडका, कोकण श्वेता पडवळ मागा. ती आपल्या हवेसाठीच निवडलेली आहेत. पिवळे चिकट सापळे मात्र फुलांजवळ लावू नका, त्यांत ढालकिडेही चिकटतात.

औषध मारायचंच ठरलं तर कडुनिंबाचं तेल पुरे. लिटरभर कोमट पाण्यात आधी थोडा साबण, मग पाच मिलिलिटर तेल, चांगलं घुसळून त्याच दिवशी वापरा. आधी एका पानावर मारून दोन दिवस पाहा. फवारणी दिवेलागणीला, मधमाश्या घरी परतल्यावर, आणि फुलं टाळून. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम या नावांची औषधं नर्सरीत सहज सुचवली जातात. ती झाडात भिनतात, मधात आणि परागातही उतरतात. युरोपीय संघाने त्यांचा उघड्यावरचा वापर २०१८ मध्ये बंद केला. घरच्या खाण्याच्या झाडांना आणि फुलांवर आलेल्या कुठल्याही झाडाला ती नकोतच. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि नर्सरीवाल्याने चिठ्ठी नसलेल्या बाटलीत काही दिलं तर घेऊ नका.

राहिला टॉवरच्या सज्ज्याखाली लटकणाऱ्या आग्या मोहोळाचा प्रश्न. फुलोऱ्याच्या दिवसांत दरवर्षी ते कुणाच्या तरी गॅलरीत येतं आणि घबराट होते. आधी लांबून पाहा. पोळं नसेल, नुसता माश्यांचा झुबका असेल, तर तो प्रवासातला मुक्काम असतो. काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत त्या निघून जातात. तोवर खिडकी बंद ठेवा, रात्री त्या बाजूचे दिवे लावू नका, कारण आग्या माश्या उजेडाकडे येतात. मुलांना तिकडे जाऊ देऊ नका, धूर करू नका, पाणी मारू नका. पोळं खरोखरच जिन्याजवळ किंवा लहान मुलांच्या खेळाच्या जागी असेल तर माश्या न मारता पोळं हलवणाऱ्या प्रशिक्षित माणसांनाच बोलवा आणि ते काम अंधार पडल्यावर, दोन-तीन मजल्यांवरच्या सगळ्या घरांना आधी कळवून करून घ्या. कुणाला डंख झाल्यावर श्वास घ्यायला त्रास झाला किंवा चेहरा सुजला तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.